सुई आणि चतुर्थी एकाच पट्टीत

सून वाळूजच्या एका कारखान्यात कामांचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर आखते. त्याच पद्धतीनं तिनं माझ्या नवऱ्याचं औषधपाणी मोबाइलवर मांडून दिलं. एका दिवसाची एक पट्टी, तीत इंजेक्शन, जेवण, गोळी. झालं की बोटानं दाबायचं. मी चौथी शिकलेली, मला जमलं.

त्या दिवशी संकष्टी होती. सकाळी मी साखर उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि दाबलं. ते जेवणार होते चंद्र दिसल्यावर. दोन्ही कामं त्याच दिवसाच्या पट्टीत होती, म्हणून मला काहीच खटकलं नाही.

अकरा वाजता त्यांना दरदरून घाम सुटला. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

मी ओरडले. शेजारीण धावत आली. "अवं, बघत काय बसलात? साखरंचं पाणी पाजा! देवाचं मागून बघू!"

पाजलं. अर्ध्या तासानं त्यांनी मला ओळखलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, आता दिवसाचं नको, प्रत्येक वेळेचा वेगळा चौकोन करते. आठला इंजेक्शन, सव्वाआठला जेवण."

मुलगा म्हणाला, "एवढे चौकोन तिला झेपतील का?"

"झेपतील," मी म्हणाले. "आन् उपास बंद."

ताट समोर आल्याशिवाय आता मी सुई हातात घेत नाही. आणि जेवणाचा चौकोन लगेच दाबत नाही. ते "अगं, मीठ कमी हाय" म्हणाले, की मगच दाबते.