लटारूची ऐरण

आमची बैलगाडी नाला ओलांडून गावाच्या बाजूला चढली आणि समोरून आवाज आला. ठण्ण! ठण्ण! मी गाडीवानाला म्हटलं, "थांब जरा." कारण गावात ऐरण नव्हतीच. ऐरणीचं सामान तर माझ्याच गाडीत होतं.

तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याला चांदाच म्हणत. घुग्घुसकडच्या एका कोळशाच्या खाणीवर मी लाइन इन्स्पेक्टर होतो. म्हणजे खाणीपासून रेल्वेपर्यंत जो रूळ जातो, त्याची देखभाल माझ्याकडे. लटारू हा शेजारच्या गावचा गडी. एक हंगाम माझ्या गँगमध्ये रोजंदारीवर होता. त्याच्या गावचा लोहार खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला आणि ऐरण, भाता, घण सगळं घेऊन गेला. गावात वखराची पाती नि नांगराचे फाळ पाजवायला कोणी उरलं नाही. मग लटारूनेच डोक्यात घेतलं, की आपण लोहार व्हायचं.

पेरणी तोंडावर आली तसा तो माझ्याकडे आला.

"साहेब, एखादा लोखंडाचा ठोकळा द्या जी. गोट्यावर ठोकून राह्यलो. दोन गोटे फुटले."

"लटारू, भंगार कंपनीचं असतं बाबा. विचारून सांगतो."

खाणीच्या भंगारात लोखंड ढीगभर, पण ऐरणीच्या कामाचं फार थोडं. ब्रेकचे ठोकळे दिसायला दणकट, पण ते बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घण बसला की तडकतं. ओळखायचं कसं? हातोडी मारायची. बीड थप्प बोलतं, पोलाद गातं. मी भर उन्हात हातोडी घेऊन ढिगाऱ्यावर ठोकत फिरलो. लोक म्हणाले, इन्स्पेक्टरला ऊन लागलं.

शेवटी एक मोडका बफर सापडला. दोन वॅगन एकमेकींना टेकतात तेव्हा धक्का सोसायला जी गोल थाळी असते, ती. वर सपाट तोंड, खाली जाड दांडा. दांडा लाकडात गाडला की झाली ऐरण. मॅनेजर साहेबांकडे गेलो, लटारूचं सांगितलं.

"लोहारकी शिकतोय? या वयात?" साहेब म्हणाले.

"गावाची पेरणी अडलीय, साहेब."

"न्या. आणि तो गडी माझ्या भंगारात दिसता कामा नये."

असा तो बफर घेऊन मी मोठ्या तोऱ्यात निघालो होतो. आणि इथे लटारूच्या मांडवातून घणाचा आवाज येतोय!

धावड्याच्या ओंडक्यावर खिळ्यांनी आवळलेला, दोन-अडीच हात लांबीचा रुळाचा तुकडा. लटारू घामाघूम. मला पाहून सांडशी टाकून हसत पुढे आला.

"या जी साहेब! पाहा, कशी गाते!"

गात होती खरंच. नवशिक्याचे घाव इकडेतिकडे पडून माथ्यावर टोचे पडले होते, पण रूळ तो रूळ. मी कौतुकाने वाकलो. टोकाला हात लावला आणि बोटं काळी झाली.

ओलं ग्रीस.

बाप रे! दोन रूळ जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून बोल्ट आवळतात. त्यांना फिशप्लेट म्हणतात. पावसाळ्याआधी आम्ही त्या सांध्यांना ग्रीस लावतो. भंगारातल्या रुळाला कोणी ग्रीस लावत नाही. हा रूळ चालू लाइनीतला होता.

"लटारू, हा कुठून आणलास?"

"त्या आंधळ्या लाइनीतून जी. वर चढून रेतीत संपते ना, ते."

मी पुन्हा वाकून पाहिलं. बोल्टांच्या भोकांतही ताजं ग्रीस होतं.

ती आंधळी लाइन म्हणजे आमचं कॅच सायडिंग. खाणीतून भरलेल्या वॅगन उतारावरून हँडब्रेकवर हळूहळू खाली सोडत. एखादीचा ब्रेक निकामी झाला तर ती सुसाट सुटणार. तिला पॉइंट्समन काटा फिरवून या बाजूच्या लाइनीवर वळवतो. ही लाइन भरावावरून वळसा घेत वर चढते आणि रेतीच्या ढिगात संपते. वॅगन तिथे दमून थांबते. म्हणून एरवी तिच्यावरून काहीच जात नाही. ती सदा गंजलेली. आणि भरावाच्या अगदी खाली मजुरांच्या चाळी.

"अरे, पण असा कसा काढलास? कोणाला विचारलंस?"

"कोनाचीच नाई जी ते. मी दसऱ्याले पाहिलं ना. इंजिनाले हार, ट्रॉलीले हार, पॉइंटाले हार, फावड्याले बी गुलाल. त्या लाइनीले साधं फूल नाई वाहिलं कोनी. वर्ष झालं, एक डब्बा नाई गेला वरून. ज्याची दसऱ्याले पूजा नाई, ते बेवारसच ना जी?"

गावात हाच कायदा. जिवंत अवजाराला दसऱ्याला हार पडतो. ज्याला पडला नाही ते टाकून दिलेलं.

"आणि ग्रीस दिसलं नाही?"

"मले वाटलं, विकाले काढला असंन म्हून लावलं. काल खान बंद होती. जवायाकडून पाना आनला नि खोलला. बोल्ट ठेवले हाय जी सारे, एक बी नाई हरवला."

हा जवाई म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा पांडू, तो माझ्याच गँगमध्ये होता. लटारूची बहीण जनी त्याला दिलेली. आणि त्यांची खोली कुठे? भरावाखालच्या चाळीत, पहिलीच.

मी फक्त एवढंच म्हणालो, "लटारू, त्या लाइनीच्या खाली जनी राहते."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचं तोंड असं पडलं की मला शिवी देववेना. आम्ही बफर खाली लोटला, रूळ उपटून गाडीत टाकला. बैलांच्या चालीने वेळ गेला असता म्हणून मी पुढे पळत सुटलो. आयुष्यात तसा मी आधीही पळालो नाही आणि नंतरही नाही.

पोचलो तेव्हा एक भरलेली वॅगन उतारावर होतीच. मी हात हलवत, ओरडत धावलो. ब्रेकवरचा माणूस माझ्याकडे वेड्यासारखा पाहत ब्रेक आवळत गेला. चाकं किंचाळली, पण ब्रेकने धरलं. वॅगन मुकाट खाली गेली. पुढच्या सगळ्या मी वरच रोखल्या.

मग भरावावर चढलो. वळणावरच, दोन लांब रुळांमध्ये आखूड तुकडा जोडलेला होता त्या जागी ती फट, दात पडल्यासारखी. सुटलेली वॅगन तिथे पोचली असती तर रूळ सोडून थेट चाळीवर. खाली जनी दारात बसून पोराला न्हाऊ घालत होती.

मागून गाडी आली. लटारूने फट पाहिली, खाली पाहिलं आणि बोंबललाच, "जने, निंग वं बाहीर! पोराले घे नि निंग!"

ती वर बघून म्हणाली, "काऊन रे दादा, पागल झाला का? ये ना खाली, चहा पी."

लटारू भरावावरच ढसाढसा रडला. आम्ही तुकडा बसवला. बोल्ट त्यानेच आवळले. प्रत्येक बोल्ट मी पुन्हा तपासला.

साहेब ऐकून पांढरे पडले. "पोलिसांत द्या त्याला!"

"देतो. मग पाना देणारा आपला गँगमनही जाईल. आणि गावाची पेरणी अडेल. रूळ जागेवर आहे, साहेब."

"पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला पोलिसांत देईन," साहेब म्हणाले.

बफरच्या ऐरणीवर लटारूने गावाचे फाळ पाजवले. पेरण्या झाल्या. आणि ऐन श्रावणात, ओल्या उतारावर एका वॅगनचा ब्रेक तुटला. पॉइंट्समनने तिला सायडिंगवर वळवलं. ती भरावावरून धडधडत वर गेली आणि रेतीत रुतून उभी राहिली. चाळीतलं एक कौलही हललं नाही.

मी पाहायला गेलो तर लटारू आधीच तिथे उकिडवा बसलेला, हातात नारळ. गंजक्या रुळांवर चाकांची चकचकीत पट्टी उमटली होती. त्याच्या तुकड्यावर ती पट्टी घणाच्या टोच्यांवरून सरळ पलीकडे गेली होती. तो त्यावरून बोट फिरवत होता.

"लटारू, दसरा लांब आहे अजून."

"दसऱ्यापरेंत कोन थांबते जी?" म्हणाला, आणि तिथेच नारळ फोडला.

पुढे मी असेपर्यंत आमच्या खाणीवर दसऱ्याचा पहिला हार इंजिनाला नाही, कॅच सायडिंगला पडायचा. साहेब म्हणायचे, "इन्स्पेक्टर, ही अंधश्रद्धा झाली. धोक्याची पाटी लावा." पाटीही लावली. पण पाटी वाचणारे किती? झेंडूची माळ मात्र तालुक्यात सगळ्यांना वाचता येत होती.