राणीसावरगावची शाळा आणि माझे न थांबणारे हात

माझ्या सातवीच्या वर्गात सगळ्यांच्या निबंधात कपिला नावाची गाय निघाली, त्या दिवशी मी परभणीचं तिकीट काढलं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाढणारी ही पोरं, गाय आली होती क्लासच्या नोट्समधून. मुख्याध्यापकांना म्हटलं, यापुढे निबंध सांगून लिहून घेणार नाही, मुलांना स्वतः विचार करू देणार. सर म्हणाले, "वार्षिक परीक्षेपर्यंत बघा करून. पालकांची तक्रार आली की जुनी पद्धत." सर्जनशील विचारावरची भाषणं मी भरपूर ऐकली होती, प्रत्यक्ष वर्ग एकही पाहिला नव्हता. प्रशिक्षणात ओळख झालेल्या शीतल मॅडम राणीसावरगावजवळच्या एका वस्तीवर शिकवतात. त्यांना फोन केला आणि निघाले.

परभणी स्टेशनवरून रिक्षाने बसस्टँड गाठायचं, तिथून गंगाखेडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास परवडतो. गंगाखेडला पोहे खाऊन घ्या, पुढे हॉटेलं तुरळक आहेत. पुढची गाडी कधी, असं विचारल्यावर पानटपरीवाले मामा म्हणाले, "एसटीची वाट बघू नका ताई, ती काळी-पिवळी जायलीय आत्ता." त्या जीपमध्ये मांडीवर बॅग आणि बॅगेवर शेजारणीची मेथीची पिशवी, असा मी उरलेला रस्ता पार केला. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि तुरीचे काढून रचलेले ढीग दिसत होते.

शाळेच्या अंगणात लिंबाखाली पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवलेलं. कावळे ते रोज पालथं करायचे. शीतल मॅडमनी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, सुतळी आणि जुनी टायरं मधे टाकली, मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक भांडं दिलं आणि एवढंच सांगितलं, "भांडं पडू नये, असं काहीतरी करा."

मुलं नुसतीच बसून राहिली. मला ती शांतता सोसवेना. जवळच्या मुलीच्या हातातल्या काड्या घेऊन मी झटकन तिवई बांधून दिली. बघता बघता सगळ्या गटांनी हुबेहूब तसल्याच तिवया बांधल्या.

"बघा, तुमी दाखवलं, आता सगळे तेच करायलेत," शीतल मॅडम हसत म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग गप्प बसायचं? कितीही वेळ?"

"गप्प बसनंच लय अवघड हाय मॅडम. मला पन जमत नव्हतं. पोरं आपल्या तोंडाकडं बघतेत, मग मी बाहेर जाऊन झाडाला पानी घालते."

त्यांनी तिवया मोडायला लावल्या आणि मला स्वयंपाकघरात पिटाळलं. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मला भाकरी, ठेचा आणि वरण वाढलं. परत आले तर एका गटाने टायरात माती भरून भांडं निम्मं पुरलं होतं. दुसऱ्याने आपलं फांदीला टांगलं होतं, आणि तिसऱ्याचं पुन्हा पडलं होतं. तिसऱ्या गटातल्या पोरी चिडून भांडत होत्या, त्यांच्याकडे कुणीच मदतीला गेलं नाही. मी पण गेले नाही, मोठ्या कष्टाने. परतीची जीप संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा जाणार असाल तर आधी विचारून ठेवा.

सोमवारी नाशिकला वर्गात फळ्यावर फक्त विषय लिहिला. "मॅडम, पहिलं वाक्य तरी सांगा," मुलं विनवत होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तास संपला तेव्हा बऱ्याच वह्यांत दोन-चार खाडाखोड केलेल्या ओळी होत्या, काही पानं कोरीच. मला धडकी भरली, पण त्या ओळींमध्ये एकही दुसरीसारखी नव्हती.

सरांनी वह्या चाळल्या. "शनिवारी पालकसभा आहे. हे दाखवणार त्यांना?"

"हो सर," मी म्हटलं. "कोऱ्या पानांसकट."