येळवशीचा लिंब

डायनासोरचे सिनेमे मला फार आवडतात, पण त्यातली माणसं वाचावीत असं मला कधीच वाटलं नाही. अंडी राखत बसलेली ती अवाढव्य आई. माणसं न बोलावता तिच्या दारात जाणार, आणि तिनं पाय आपटला की तीच राक्षस! माझी चिडचिड बघून आमचे हे हसतात. म्हणतात, "तुझं माहेर त्यांच्यातलंच हाय बघ."

गेल्या हिवाळ्यात परळीजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या कडुलिंबावर गरुडाच्या जोडीनं घरटं केलं. दुर्बिणीतून दोन पिल्लं दिसायची. अंगभर पांढरा कापूस आणि खाली भलेमोठे पाय. मान पुढं काढून चालायची, थेट सिनेमातल्यासारखी. थोरलं धाकट्याला टोचायचं. आईनं घास आणला की थांबायचं, भूक लागली की पुन्हा सुरू. बघवत नसे, पण त्यांच्या घरात सोडवायला जाणारी मी कोण?

तेवढ्यात येळवस आली. त्या अवसेला आमच्याकडं शेतात कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी करतात, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात आणि पाहुण्यारावळ्यांसह दिवसभर तिथंच जेवतात. आमची कोप नेमकी त्या लिंबाखाली. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, यंदा कोप विहिरीकडं करू. माणसं खाली बसली तर ती आई घरट्यात उतरायची न्हाई."

"कावून? पाखरासाठी? अगं, पांडव काय खुर्च्या हायती व्हय, उचलून तिकडं ठेवायला? माझ्या आज्यापसून हितंच बसत्यात."

मी यांच्याकडं बघितलं. हे चपलेचा अंगठा न्याहाळत राहिले.

सकाळपासून माणसं आली. फांदीला झोका बांधला, स्पीकर लागला. मादी पंजात उंदीर धरून वर घिरट्या घालत होती. घरट्यावर ऊन आलं. एरवी ती पंख पसरून पिल्लांवर सावली धरायची. मी पुन्हा सगळ्यांना विहिरीकडं चला म्हटलं. "वहिनीला पाखरांचा लई पुळका," म्हणत नणंदेनं माझ्या वाटीत आणखी आंबील ओतली. मी वाटी खाली ठेवली. मला सगळ्यांचा राग आला होता. सासरे मात्र भक्तिभावानं शेताच्या चारी बाजूंना आंबील शिंपत होते. काळ्या आईच्या पोटात घास जावा, किडामुंगीही उपाशी राहू नये, म्हणून.

दिवस कलल्यावर माणसं उठली आणि मादी खाली आली. दुर्बिणीत एकच मान वर झाली. धाकटं कडेला पडलं होतं. ती त्याच्या चोचीपाशी पुन्हापुन्हा घास नेत होती.

"थोरल्यानंच मारलं असंल," सासरे म्हणाले. "त्यांच्यात तसंच असतंय."

असेलही. तसं घडतं, हे मलाही ठाऊक होतं. पण आई दिवसभर वर फिरत राहिली होती, हेही मी पाहिलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरी आलो तर टीव्हीवर डायनासोरचाच सिनेमा लागलेला. माणसं अंड्यांपाशी आली, आई ओरडली. आता यांची थट्टा येणार म्हणून मी वाट बघत बसले. यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.