बाबा आणि सुपरवायझरची रात्रपाळी

हे लिहायचं मी वर्षभर टाळलं.

लिहिलं की बाबा गेले हे पक्कं होणार होतं. पण आज त्यांना जाऊन वर्ष झालं, घरी पुण्यानुमोदन आहे. मंडप लागला, खुर्च्या उतरल्या. आता टाळायला जागा नाही.

माझे बाबा लोहाऱ्यात एका कंपनीच्या गेटवर नाइट वॉचमन होते. मी जन्मलो त्याच्याही आधीपासून.

रिटायर झाले, पण रात्री झोपच येईना. रात्रभर घरातच राउंड. दाराची कडी बघ, खिडकी बघ. गळ्यात ड्यूटीची शिट्टी तशीच.

आई म्हणायची, "अवो, घरात चोराले सापडन असं हाय काय? झोपा न."

मी तर घरी टिकणारा माणूसच नाही. वणीला कोळशाच्या ट्रकवर हिंडलो, पुसदला मोबाइलच्या दुकानात बसलो, मग आर्णीला दोस्ताच्या शेतात सोयाबीन काढायला गेलतो. (आर्णीचा आलूबोंडा खाल्ला नसेल तर तुम्ही आर्णी पाहिलीच नाही. असो.)

त्या दोस्ताच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. एक उरलं होतं. जॅकेटमध्ये टाकलं आणि गाडीवर घरी आणलं.

आई दारातच. "हे काहून आणलं बे?"

"राहू दे न आई."

"तू चार दिवसात पळशीन. मंग याचं कोण करन?"

पहिल्या रात्री ते असं रडलं की शेजारचे लाइट लागले. मी दूध पाजलं. ते पिऊन माझ्या गादीवर मुतलं आणि परत रडायला लागलं.

बाबा जागेच होते. दारात उभे राहून म्हणाले, "रात्री दूध पाजून राह्यला, मंग मुतन नाही त काय करन? सरक."

खोका स्वतःच्या खाटेपाशी ओढला. आत जुनं लुगडं टाकलं. एक हात खाली सोडला.

पिल्लू हाताला नाक लावून गप.

"रडल्यावर उचललं त त्याले वाटते, रडलं का उचलते," बाबा म्हणाले. "रडाच्या आधी उचलाचं."

आता घरातल्या राउंडला काम मिळालं. पिल्लाला उचलूनच बाहेर न्यायचं, चालवलं तर वाटेतच होतं. रोज दारासमोरचा तोच कडुलिंब. लाइट नाही, खेळ नाही, गप्पा नाही. झालं की "शाबास", आणि परत खोक्यात.

मधेच कुईकुई झालं की आई अंथरुणातून म्हणायची, "उठा, तुमचा सुपरवायझर आला चेकिंगले."

नाव तेच पडलं. सुपरवायझर.

पण आईची एक अट होती. "माह्या सैपाकघरात झालं, त हे आर्णीले वापस."

मला पिल्लापेक्षा बाबांचीच काळजी. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा ते चहा पिताना हसून बोलत होते. पिल्लू गेलं असतं तर माणूस परत एकटाच कड्या तपासत फिरला असता.

आणि बाबांनी एक चूक केली. वॉचमनच करेल अशी.

कडुलिंबाखाली पिल्लाला ठेवलं की सवयीनं हळूच शिट्टी मारायचे. पिल्लू हुशार. शिट्टी झाली की बसायचं आणि करायचं. बाबा खूश. तो व्हिडिओ मी याच ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना पाठवला होता, आठवा.

मग एका सकाळी आईच्या कुकरची शिट्टी झाली.

सुपरवायझर ओट्याखाली झोपला होता. उठला. बसला. केलं.

कुकरनं दुसरी शिट्टी मारली.

त्यानं परत केलं.

मी हसून हसून भिंतीला टेकलो. आई नाही हसली. "गाडी काढ. सोडून ये त्याले."

बाबांनी फरशी पुसली. वास राहू नये म्हणून साबणानं परत धुतली. मग गळ्यातली शिट्टी काढून आईच्या हातात ठेवली.

"चूक त्याची नाही, माही हाय. हे ठेव तुह्यापाशी. आजपासून नाही वाजवत."

रिटायरमेंटच्या सत्कारातही ती शिट्टी हाराच्या आत गळ्यातच होती. आई तिच्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "कुकर लावाच्या आधी आवाज देत जाईन. घेऊन जात जा त्याले बाहेर."

तेव्हापासून रोज सकाळी गल्लीभर ऐकू जायचं, "अवोऽ, कुकर लावते!" आणि बाबा पिल्लू काखेत घेऊन पळत सुटायचे. गल्ली हसायची. बाबाही हसायचे.

हळूहळू पिल्लू शिट्टी विसरलं. रात्रीचं उठणंही कमी झालं.

मग ती सकाळ.

ऊन खाटेवर आलेलं. बाबा घोरत होते, हात खोक्यात. खोक्यात सुपरवायझर उताणा. लुगडं कोरडं. दोघंही रात्रभर उठले नव्हते.

मी उठवायला गेलो तर आईनं मनगट धरलं. "हात नोको लावू."

त्या दिवशी आईनं कुकर लावलाच नाही. वरण साध्या पातेल्यात, गंजात शिजवलं. गंजावर झाकण ठेवतानाही आवाज होऊ दिला नाही.

मी खूप हिंडलो. मोठ्या बाता मारणारी खूप माणसं पाहिली. पण एवढ्याशा पिल्लासाठी जन्माची सवय गळ्यातून काढून ठेवणारा माणूस माझ्याच घरी होता. माझा बाप होता.

नंतर लोक आपापली पिल्लं घेऊन बाबांकडे यायला लागले. बाबा खुर्ची टाकून समजावून सांगायचे, मी बाजूला बसायचो. पळालो नाही मी, बाय द वे.

बाबा झोपेतच गेले. ज्या माणसाला झोप येत नव्हती, तो झोपेत गेला.

बाबा, तुम्हाला मनापासून जयभीम.

थांबा, कोणी आलं वाटते.

अनोळखी माणूस आहे. स्कूटीवरून उतरला. डोळे लाल. हेल्मेट छातीशी धरलेलं, आणि हेल्मेटात पिल्लू. मंडप बघून गोंधळला.

"पिल्लाले रात्रीचं शिकवते ते काका इथंच राह्यते न?"

त्याला माहीतच नाही.

मी उठायच्या आधी आई पुढे झाली. "काका नाही राह्यले, बाबू. पण बस तू. माह्या पोराले येते ते."

आई हे माझ्याबद्दल बोलून राह्यली.

चाललो.