मालिकेतली माणसं परत येतात

भोरला एका कॉलेजात मी मराठी शिकवते. एम.ए.च्या मुलांना कथनमीमांसेचा पेपर असतो. गोष्ट कोण सांगतं, किती सांगतं, काय मागे ठेवतं, याचा तो अभ्यास. नुसत्या व्याख्या वाचल्या की वर्ग पेंगतो, म्हणून मी टीव्हीवरच्या मालिका आणि लहानपणी ऐकलेल्या गोष्टी उदाहरणाला घेते. एकदा आंबवड्याहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मालिकेत कुणी मेलं आणि प्रेत दाखवलं नाही, तर ते माणूस परत येणार म्हणजे येणारच." वर्ग खो खो हसला, मीही हसले. मग सांगितलं की मुलांच्या गोष्टीही याच बळावर चालतात. सुरुवातीला काहीतरी हरवतं, शेवटी ते सापडतं, म्हणून मूल शांत झोपतं.

त्याच वर्षी भाताची कापणी चालू असताना माझी धाकटी बहीण गेली. तिला वेल्ह्याकडच्या एका खेड्यात दिली होती. ताप अंगावर काढला, मग कावीळ निघाली, पुण्याला नेईस्तोवर उशीर झाला होता. तिची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मयत घेऊन ॲम्ब्युलन्स गावात यायच्या आत तिला वरच्या आळीत चुलत्यांकडे पाठवून दिलं. लेकराच्या डोळ्यांपुढं नको, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. नंतर तिला सांगितलं, आई देवाघरी गेली.

मी रविवारी तिला भेटायला जायची. नसरापूरला एसटी बदलून गावात उतरले की ती थांब्यावर उभी असायची. माझीच वाट बघते, असं मला वाटायचं. एका रविवारी मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले तरी ती माझ्या मागं, उतरणाऱ्या बायकांकडे बघत राहिली.

"कुणाला बघतेस गं?"

"आईला."

"आई देवाघरी गेली ना, बाळा?"

"आजीच्या मालिकेतली बाई पण गेलती. दरीत पडलीवती. मग आली. तिचं फक्त तोंड बदललंवतं."

घरी गेल्यावर मी तिच्या आजीला, बहिणीच्या सासूला, विचारलं. म्हातारी रडायलाच लागली. "म्या काय करू गं? दिस मावळला की घर खायला उठतं. जरा टीव्ही लावते, तर ही म्होरं येऊन बसती."

मी पोरीला जवळ घेऊन म्हटलं, "मालिकेतलं खोटं असतं. खरी गेलेली माणसं येत नाहीत."

"तू बघितलीस आईला? मेलेली?"

"हो."

"मला कुनी दावली न्हाई," ती म्हणाली.

वर्गात ज्या नियमावर आम्ही हसलो होतो, तो या पोरीनं कुणी न शिकवता ओळखला होता आणि त्यावर ती जगत होती.

मग मी लायब्ररीतली मुलांची पुस्तकं चाळली. आई मरते आणि मेलेलीच राहते, अशी एक तरी गोष्ट हवी होती. हाती लागलेल्या गोष्टींत कुठं आई झाड होत होती, कुठं पाखरू, कुठं चांदणी. शेवटी मीच एक रचून तिला सांगितली. एका वासराची गाय जाते, परत येत नाही, वासरू हळूहळू मोठं होतं.

"पुढं?" तिनं विचारलं.

"संपली."

"अशी कुठं गोष्ट असती का? तुला येतच न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात दाजींनी दुसरं लग्न केलं. बाई वरव्याकडची, मवाळ स्वभावाची. तिनं माप ओलांडलं आणि पोर धावत जाऊन तिला बिलगली. सोडेचना. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आजी म्हणाली, "बगा, लेकराला माया कळती." पोर हसत होती, तशी ती आई गेल्यापासून हसली नव्हती.

सांज झाल्यावर तिनं त्या बाईचा उजवा हात मांडीवर घेतला, बांगड्या वर सारल्या आणि मनगट निरखलं. मग डावा हात बघितला.

"डाग कुठंय?"

"कसला गं?"

"तेलाचा. कुरडया तळताना भाजलेला."

तो डाग माझ्या बहिणीच्या हातावर होता. ओळख पटवणारी खूण मी दरवर्षी शिकवते. खूण सापडते, चुकलेली माणसं भेटतात, बघणारे डोळे पुसतात. खूण सापडली नाही तर काय होतं, ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. पोरीनं बांगड्या नीट खाली केल्या, हात जागेवर ठेवला आणि आजीला म्हणाली, "ही न्हाई."

ती बाई माझ्या मागून चुलीपाशी आली. "ताई, माझं काही चुकलं का?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्हंजे मी कितीबी केलं तरी ती मला नापासच करनार." तसं नाही, असं मी म्हणायला हवं होतं. पण ते खरं वाटेना.

त्यानंतर पोर थांब्यावर यायची बंद झाली. गावात सगळ्यांना हायसं वाटलं. विसरली म्हणाले. ती विसरलेली नाही, तिनं वाट बघणं सोडलं आहे. आता ती शाळेत जाते, पोटभर जेवते, त्या बाईला काकू म्हणते. काकू तिच्या वेण्या घालते, तर मान सरळ धरून बसते. मालिका लागली की उठून बाहेर जाते. मी नेलेली पुस्तकं उघडून चित्रं बघते आणि मिटून ठेवते. पुढं काय झालं, असं आता कधीच विचारत नाही.

परवा गेले, तेव्हा ती ओट्यावर पावटे सोलत होती. मी शेजारी टेकले. "गोष्ट सांगू?"

"नको," ती म्हणाली. रागानं नाही. जेवण झालेल्या माणसानं वाढप्याला हात आडवा करावा, तसं.

एसटीला अजून वेळ होता. मी सुपातले पावटे घेऊन सोलू लागले.