ऐंशी नंबरचा पोर्ट

घड्याळजी बोलायला भारी कंजूष. वडिलांमागे दुकान त्यानेच चालवलं, पण हल्ली साधा सेल बदलायलाही कुणी फिरकत नव्हतं. दुकान बंद करायचं, टपालाने येतील ती जुनी घड्याळं घरी बसून दुरुस्त करायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं. ताईला सांगायला मात्र जीभ रेटेना. थोरली बहीण ती; फिजिओथेरपिस्ट, पेशंट घरीच पुढच्या खोलीत बघायची. दोघंही बिनलग्नाची. घर एक, कम्प्युटरही एकच.

वेबसाइट आपली आपणच करायची, हे त्याने डोक्यात घेतलं. ताई बाहेर गेली की व्हिडिओ लावून बसायचा. कोड लिहायला एडिटर टाकला, पान आधी घरातल्या घरात चालवून बघायला सर्व्हर टाकला. तो सुरू करताना घोडं अडलं. ऐंशी नंबरचा पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने अडवलाय, असं स्क्रीनवर आलं. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं दार. एका वेळी एकालाच मिळतं. दारात कोण बसलंय ते त्याने हुडकलं आणि तो कुणाच्या कामाचा हे न बघता त्याला कायमचं बंद करून टाकलं. सर्व्हर लगेच चालू. पान झळकलं, स्वारी खूश.

सकाळी ताईने अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये उघडला. तो याच ऐंशी नंबरच्या दारातून यायचा. पेशंटांच्या वेळांऐवजी समोर ठळक अक्षरं : ‘आमचं दुकान बंद होत आहे.’

“हे काय रे?”

घड्याळजी दात घासत बाहेर आला.

“बाबांचं दुकान बंद करतोयस, आणि मला हे असं कळतंय?”

“सांगणारच होतो.”

“कधी?”

ताईने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

“माझे पेशंट आधी परत आण. कंबरवाल्या आजी येतीलच एवढ्यात.”

तोंड धुऊन तो बसला. ऐंशी नंबर ताईच्या प्रोग्रॅमला परत दिला, आपल्या सर्व्हरला आठ हजार ऐंशी दिला. दोन्ही सुखाने चालू लागले. आजी आल्या, गेल्या. दिवसभर घरात कामापुरतं बोलणं.

संध्याकाळी ताई खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

“‘बंद होत आहे’ काय लिहितोस? कुणी मेल्यासारखं वाटतं. पत्ता बदलला म्हण.”

त्याने वाक्य बदललं. दुकानाचं शटर महिनाअखेर उतरलं, तेव्हा ताई घरी पेशंट बघत होती. तो एकटाच गेला. टपालाने पहिलं घड्याळ यायला बरेच दिवस लागले. आलं तेही लंबकाचं, काच फुटलेलं.