दुसरा गीझर

आमचा गीझरवाला मिस्त्री वायर जोडताना तिच्याशीच बोलतो. "बस बाई, इथंच बस." माझ्या पत्नीच्या तेरवीला पाहुण्यांना गरम पाणी पुरावे म्हणून त्याने दुसरा गीझर बसवून पहिल्याला जोडला. मला शॉकची धास्ती. या घरातून आता आणखी कोणी जायला नको होते.

"अर्थिंग नीट आहे ना?" मी तिसऱ्यांदा विचारले.

"काकाजी, कायले घाबरून राह्यले? विचारून विचारून मलेच शॉक देसान!"

टेस्टर लावून झाला, तरी आंघोळीला निघालेल्या आईचा हात मला सोडवेना. त्याने ते पाहिले. बटण चालू करून, चपला काढून तो ओल्या फरशीवर उभा राहिला आणि त्याने नळाच्या धारेखाली दोन्ही हात धरले.

"या आजी, मस्त तापलं पाणी."

चपला घालताना मात्र तो वायरीकडे पाहून हळूच पुटपुटला, "वाचवलं वो बाई!"